दूध पुरतं की नाही, हे ठरवायचं कशावरून?

बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत आया आणि त्यांच्या घरची माणसं जे प्रश्न विचारतात, त्यांतला निम्म्याहून अधिक गोंधळ एकाच गोष्टीचा असतो. ‘बाळ सारखं रडतं, माझं दूध पुरत नसेल का?’ ‘सुनेचं दूध पातळ आहे, वरचं कधी सुरू करू?’ ‘मागच्या आठवड्यापर्यंत छाती भरून यायची, आता रिकामी वाटते, दूध आटलं का?’ या प्रश्नांच्या मागची काळजी खरी आहे, पण ज्या खुणांवरून ती उपजते त्या खुणा बहुतेक वेळा चुकीच्या असतात. बाळाचं रडणं, छातीचा भरलेपणा, पंपाच्या बाटलीत जमलेलं माप यांवरून दुधाचा हिशोब लागत नाही. तो लागतो बाळाच्या लंगोटावरून आणि वजनकाट्यावरून. शिवाय चुकीच्या खुणेवर विसंबून केलेला उपाय नुसता वाया जात नाही, नसलेली अडचण तोच उभी करतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातल्या सहा महिन्यांच्या आतल्या बाळांपैकी ६३.७ टक्के बाळं निव्वळ आईच्या दुधावर होती. म्हणजे तिघांतल्या एकाहून अधिक बाळांच्या पोटात पाणी, गुटी, गाईचं दूध किंवा पावडरचं दूध जात होतं. एवढ्या साऱ्या आयांचं दूध शरीरानंच कमी असेल, हे संभवत नाही.

निर्णयापुरतं शरीरशास्त्र

बाळ ओढतं तेव्हा आईच्या मेंदूला निरोप जातो आणि दोन संप्रेरकं सुटतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करवतं, ऑक्सिटोसिन ते पुढे ढकलतं. यालाच आपण पान्हा फुटणं म्हणतो. दूध किती तयार व्हायचं हे मात्र मुख्यतः एका साध्या गोष्टीवर ठरतं: आधीचं किती निघालं. स्तनात दूध साचून राहिलं की तिथेच नव्या दुधाचा वेग मंदावतो. विहिरीचा उपसा वाढला की झरे मोकळे होतात, तसंच हे आहे. आता नेहमी घडतं ते पाहा. संध्याकाळी बाळ रडतं, घाबरून त्याला ६० मिलिलिटर वरचं दूध दिलं जातं. ते पचायला जड, म्हणून बाळ जास्त वेळ झोपतं आणि एक पाजणं चुकतं. तेवढं दूध छातीत साचतं, शरीर समजतं की मागणी घटली. हे आठ-दहा दिवस चाललं की दूध खरोखर कमी होतं आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘बघ, आम्ही म्हणत नव्हतो?’ सुरुवातीला निष्कर्ष चुकीचा होता, पावडरच्या डब्याने तो खरा करून दाखवला.

ज्यांवर विसंबू नये अशा खुणा

- बाळ रडतं. भूक हे रडण्याच्या अनेक कारणांपैकी एक. तान्ह्या बाळाचं रडणं साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत वाढत जातं आणि मग ओसरतं, बाळ कुठल्याही दुधावर असो. संध्याकाळी दोन-तीन तास दर थोड्या वेळाने छातीला लागणं हेही नेहमीचंच.
- छाती मऊ पडली. पहिल्या काही आठवड्यांत लागतं त्यापेक्षा जास्त दूध बनतं, शिवाय सूजही असते. महिना-दीड महिन्यात शरीराला बाळाची गरज उमगते आणि छाती हलकी होते. हा बसलेल्या घडीचा पुरावा आहे, आटल्याचा नव्हे.
- दाबून पाहिलं, काही आलं नाही. पंपाने वीसच मिलिलिटर निघालं. बोटांना आणि यंत्राला बाळाच्या जिभेची सर नाही. पंपाचं माप पंपाचंच असतं.
- छाती लहान आहे, आई किरकोळ आहे. स्तनाचा आकार बहुतांशी चरबीने ठरतो, दूध करणाऱ्या ग्रंथींनी नाही. किरकोळ बांध्याच्या आयाही पुरेसं दूध देतात.
- दूध पाणचट दिसतं. एकाच पाजण्यात सुरुवातीचं दूध पातळ आणि छाती रिकामी होत जाईल तसं अधिक स्निग्ध होतं. निळसर पातळ रंगावरून कस काढता येत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: ‘छातीला अर्धा तास लावून झाल्यावर बाटली दिली, तर बाळाने ती गटागटा संपवली. मग ते उपाशीच नव्हतं का?’ हा पुरावा वाटतो तितका पक्का नाही. तोंडात काही आलं की चोखणं ही तान्ह्या बाळाची उपजत क्रिया आहे. बाटलीतून दूध आपोआप वाहत राहतं, त्यामुळे बाळाला गिळत राहावंच लागतं. पोट भरलेलं बाळही थोडं आणखी पितं आणि मग सुस्तावून झोपतं. खरी तपासणी पुढे दिली आहे, ती बाटलीशिवाय होते.

ज्या मोजायच्या त्या खुणा

- शू. पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत किमान सहा वेळा, फिकट रंगाची.
- शी. पहिले दोन दिवस काळी-चिकट, मग हिरवट, चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत मोहरीसारखी पिवळी आणि सैल. साधारण सहा आठवड्यांनंतर निव्वळ अंगावरच्या दुधावरचं बाळ काही दिवस शी न करताही ठणठणीत असू शकतं.
- वजन. पहिल्या तीन-चार दिवसांत जन्मवजनाच्या ७ ते १० टक्क्यांपर्यंत घट होते. दोन आठवड्यांत ती भरून निघायला हवी. पुढे पहिले तीन महिने आठवड्याला साधारण १५० ते २०० ग्रॅम वाढ. वजन त्याच काट्यावर, कपडे काढून करा. दोन वेगळ्या काट्यांतल्या फरकानेही उगीच घबराट होते.
- पाजणं. २४ तासांत ८ ते १२ वेळा, रात्रीचं धरून. पिताना गिळल्याचा आवाज ऐकू यावा.

डिस्पोजेबल डायपर शू शोषून घेतो, आणि शू किती झाली हे कळेनासं होतं. शंका असेल तेव्हा एक दिवस सुती लंगोट बांधा आणि कागदावर खुणा करा. लंगोट उलगडून रंगही पाहा. चौथ्या दिवसानंतरही त्यावर विटकरी डाग दिसत असेल, तर बाळाला दूध कमी पडत असू शकतं. हा डाग अनेकांना रक्ताचा वाटतो. तो बहुधा दाट लघवीतल्या स्फटिकांचा असतो, पण दुर्लक्ष करण्याजोगा नक्कीच नाही.

इथे उलट बाजूचा गैरसमजही सांगायला हवा, कारण तो जास्त धोक्याचा आहे: ‘बाळ शांत आहे, छान झोपतं, म्हणजे पोट भरलंय.’ पहिल्या आठवड्यात सलग पाच-सहा तास झोपणारं, उठवावं लागणारं, छातीला लावताच डुलक्या घेणारं बाळ उपाशीपोटी शक्ती वाचवत असू शकतं. विशेषतः उन्हाळ्यात अशा बाळाच्या शरीरातलं पाणी झपाट्याने कमी होऊन ते गंभीर आजारी पडतं. रडकं बाळ डब्याकडे ढकललं जातं आणि मलूल बाळाचं ‘गुणी’ म्हणून कौतुक होतं. दोन्हीकडे मोजलेलं काहीच नसतं. आठ तास लंगोट कोरडा, शी पाचव्या दिवशीही काळी, वजनाची घट १० टक्क्यांहून जास्त, पिवळेपणा पायांपर्यंत उतरलेला, अंग गरम किंवा थंड, अंग ढिलं पडलेलं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा.

पहिले तीन दिवस: चीक पुरतो

‘दूध अजून उतरलं नाही’ म्हणून पहिल्याच रात्री पावडर दिली जाते. खरं तर वार पडल्यावर संप्रेरकांचा तोल बदलतो आणि भरपूर दूध साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी येतं. तोवर असतो तो चीक. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी जेमतेम दोन ते दहा मिलिलिटर पितं, आणि चीक तेवढाच, पण प्रतिपिंडांनी भरलेला येतो. तो पिवळा, दाट असतो म्हणून ‘खराब’ समजून पिळून टाकण्याची रीत काही घरांत अजून आहे. ती बाळाचं पहिलं संरक्षण काढून घेते. गाईच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो, मग आपल्या बाळाचा चीक टाकून का द्यायचा?

‘सिझेरियन झालं, दूध उशिरा येणार’ हे अर्धसत्य आहे. दूध भरून यायला थोडा उशीर होऊ शकतो, पण कमरेतून भूल दिलेली आई शुद्धीवर असते आणि मदत मिळाली तर पहिल्या तासातही बाळाला छातीशी घेऊ शकते. सुरुवातीला सांगितलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यांत झाली होती, आणि जन्मल्यापासून तासाभरात छातीला लागलेली मुलं मात्र ४१.८ टक्केच होती. हे आकडे शेजारी ठेवले की ‘आयांनाच माहिती नसते’ हे म्हणणं टिकत नाही. बाई आणि बाळ दोघंही डॉक्टर-नर्सच्या नजरेसमोर असताना तो तास निसटतो. म्हणून आधीच्या भेटींतच डॉक्टरांना सांगून ठेवा की बाळ सुखरूप असेल तर लगेच छातीवर द्यावं, आणि कारणाशिवाय वरचं देऊ नये.

अळीव, डिंक, शतावरी

अळिवाची खीर, डिंकाचे-मेथीचे लाडू, बाजरीची भाकरी, शेपू, लसूण, वर बाळंतशोपा: बाळंतिणीचा हा आहार चांगला आहे. लोह, कॅल्शियम, उष्मांक सगळं त्यात आहे, आणि पाजत्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० उष्मांक जास्त लागतात. पण ‘लाडू खाल्ले की दूध वाढेल’ हे वेगळं विधान आहे. दूध वाढवणाऱ्या वनस्पती आणि औषधांवरच्या अभ्यासांची २०२० साली निघालेली कॉक्रेन समीक्षा सांगते की त्यांच्या परिणामाचा पुरावा कच्चा आहे. शतावरीच्या पावडरी महाग असतात, आणि त्या सुरू केल्यावर खरा उपाय मागे पडतो, हा त्यांचा मोठा तोटा. मेथीचे दाणे औषध म्हणून मोठ्या प्रमाणात घेतले तर रक्तातली साखर उतरू शकते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. लाडू जरूर खा, भूक आणि उभारी यांसाठी. आणि पथ्याच्या नावाखाली बाळंतिणीला भाज्या, फळं, डाळी तोडू नका. बाळाच्या पोटातला वारा आईच्या ताटातल्या वाटाण्यातून येत नाही.

पाणी, गुटी, मध

आईच्या दुधात ८७ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. विदर्भातल्या मे महिन्यातही सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वेगळं पाणी लागत नाही, जास्त वेळा पाजणं लागतं. तहान आईची भागवा. गुटीविषयी बोललं की घरातल्या मोठ्यांना वाईट वाटतं, पण सांगायलाच हवं. सहाणेवर मुरडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड उगाळताना सहाण, पाणी, बोट आणि वर्षभर डबीत पडलेली मुळं यांतल्या कशाचीही स्वच्छता हमखास नसते. जायफळाने बाळ झोपतं ते गुंगीने, आणि झोपलेलं बाळ पीत नाही. ‘आम्हा सगळ्यांना दिली, काय झालं?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर असं की ज्यांना जुलाब झाले त्यांचं कारण तेव्हा गुटीपर्यंत कोणी नेलंच नाही. मध तर वर्षाच्या आत चाटवूच नका. त्यातल्या जीवाणूंमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो.

आईचा ताप, राग आणि औषधं

आईला सर्दी, ताप, जुलाब झाले तरी पाजणं थांबवू नका, आजाराशी लढणारी प्रतिपिंडं त्याच दुधातून बाळाला मिळतात. राग आला, उन्हातून आलात, दोन तास पाजलं नाही म्हणून छातीतलं दूध नासत नाही. ताणामुळे पान्हा काही मिनिटं अडू शकतो, दूध संपत नाही. गाठ होऊन छाती लाल-गरम झाली, तरी त्या बाजूने पाजणं चालू ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. बहुतेक औषधं पाजताना चालतात. कॅन्सरवरची केमोथेरपी किंवा किरणोत्सारी आयोडीनसारखी थोडी चालत नाहीत. म्हणून प्रत्येक औषधाच्या वेळी ‘मी पाजते आहे’ हे सांगा, आणि स्वतःहून औषध किंवा पाजणं बंद करू नका. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी दूध कमी होऊ शकतं, तेव्हा दुसरा पर्याय मागा.

दूध वाढवायचं असेल तर

१. आधी पकड तपासा. बाळाचं पोट तुमच्या पोटाला टेकलेलं, डोकं आणि पाठ एका रेषेत. जांभई दिल्यासारखं तोंड उघडलं की त्याला छातीकडे आणा, छाती बाळाकडे नेऊ नका. हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि बोंडाभोवतीचा काळा भाग खालून कमी, वरून जास्त दिसायला हवा. बोंड तेवढंच तोंडात असेल तर तुम्हाला चिरा पडतात आणि बाळाला दूध मिळत नाही. दुखतंय, याचा अर्थ पकड सुधारायला हवी.

२. घड्याळ बाजूला ठेवा. दर तीन तासांनी दहा मिनिटं असा नियम नको. बाळ तोंड वळवू लागलं, मुठी चोखू लागलं की पाजा. रडणं ही भुकेची शेवटची खूण आहे. एक बाजू पूर्ण होऊ द्या, मग दुसरी द्या.

३. रात्रीचं पाजणं चुकवू नका. रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं.

४. बाळाला उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लागेल असं ठेवा, दिवसातून जमेल तितका वेळ. पान्ह्याला याची मोठी मदत होते.

५. पाजून झाल्यावर हाताने दूध काढा. काळ्या भागाच्या मागे अंगठा आणि बोट ठेवून आत बरगड्यांच्या दिशेने दाबा, मग एकमेकांकडे. यंत्र लागत नाही.

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात पकडीचे आणि हाताने दूध काढण्याचे व्हिडिओ मराठीतही आहेत. आशाताईंना किंवा नर्सला शेजारी बसवून एक पूर्ण पाजणं पाहायला सांगा. लांबून दिलेल्या दहा सल्ल्यांपेक्षा ते उपयोगी पडतं. घरच्यांनी करायचं काम वेगळं आहे: ढेकर काढणं, लंगोट धुणं, आईला वाढून देणं, आणि पाहुण्यांसमोर तिच्या दुधाची चर्चा न करणं.

खरंच कमी असेल तेव्हा

काही आयांचं दूध सगळं नीट करूनही पुरत नाही. बाळंतपणात फार रक्तस्राव झाला, वारेचा तुकडा आत राहिला, थायरॉइड किंवा मधुमेह आटोक्यात नाही, छातीची शस्त्रक्रिया झालेली आहे, ग्रंथींची वाढच कमी आहे, बाळ अपुऱ्या दिवसांचं आहे किंवा त्याची जीभ बांधलेली आहे. ही खरी कारणं आहेत, त्यांची तपासणी व्हायला हवी, आणि त्यांत आईचा काहीही दोष नाही. ‘सगळ्या बायकांना दूध येतंच’ असं ठासून सांगणं हाही गैरसमजच आहे, आणि त्याने बाळ उपाशी राहतं. लंगोट आणि काटा कमी दाखवत असतील तर वरचं दूध द्यायलाच हवं. ते देताना डॉक्टरांना चार गोष्टी विचारा: कारण काय, दिवसाला किती मिलिलिटर, किती दिवस, आणि पुन्हा वजन कधी. आधी छातीला लावा, मग वरचं द्या. बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा बोंडलं वापरा. पावडर डब्यावरच्या मापानेच घाला. डबा पुरवण्यासाठी पातळ केलेलं दूध हे कुपोषणच आहे. गाई-म्हशीचं दूध वर्षाच्या आत मुख्य अन्न म्हणून देऊ नका. बाळ अतिशय लहान, अतिदक्षता विभागात असेल तर दूधपेढीविषयी विचारा. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, आणि आज अनेक मोठ्या रुग्णालयांत पाश्चराइझ केलेलं दान-दूध मिळतं. ओळखीच्या बाईचं दूध न तपासता पाजणं मात्र टाळा.

तुमचे हक्क

१९९२ चा शिशुदुग्धपर्यायी पदार्थांचा कायदा, २००३ च्या दुरुस्तीसह, दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीचं पावडरचं दूध, बेबीफूड आणि दुधाच्या बाटल्या यांची जाहिरात, मोफत नमुने, भेटवस्तू आणि सवलती यांना मनाई करतो. घरी जाताना पिशवीत डबा सरकवला गेला, तर तो घेण्याची सक्ती तुमच्यावर नाही. कंपनीने तो फुकट वाटला असेल, तर ते कायद्याचं उल्लंघन आहे.

नोकरदार आईला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. कामावर परतल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी मिळते, ही नेहमीच्या मधल्या सुट्टीखेरीज. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय आणि दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा हवी. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या आणि २०१७ च्या दुरुस्तीतल्या या तरतुदी नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहेत. शेतावर, घरकामाला, बांधकामावर जाणाऱ्या बाईपर्यंत यातलं फारसं पोचत नाही, ही मोठी उणीव आहे. तिच्यासाठी हाताने दूध काढून ठेवण्याची रीत जास्त मोलाची ठरते.

काढलेलं दूध उकळून घेतलेल्या, झाकण असलेल्या स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात ठेवा. २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ते चार तास टिकतं, उकाड्यात त्याहून कमी धरा. फ्रिजमध्ये आतल्या बाजूला चार दिवस, दारात नको. भांड्यावर तारीख-वेळ लिहा आणि आधीचं आधी वापरा. वर साय जमून थर वेगळे दिसले तर ते नासलेलं नाही, हळूच हलवा. कोमट पाण्याच्या पातेल्यात भांडं उभं ठेवून गरम करा. गॅसवर उकळू नका, मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका. आणि बाळाने तोंड लावून उरलेलं दूध पुढच्या वेळेसाठी राखू नका.